डायलिसिस, रात्रीचा श्वास आणि हृदय: मोजमाप कोणत्या रात्री केलं?



पीएच.डी.च्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: "तुमच्या विषयात कन्फाउंडर कोणता?" व्याख्या सगळ्यांची पाठ असते, पण उदाहरण विचारलं की गाडी अडते. म्हणून आज एक उदाहरण सविस्तर बघू. यात आकडेमोड कमी आहे आणि पेशंटच्या जिवाचा प्रश्न थेट आहे. विषय आहे डायलिसिसवर असलेल्या लोकांचा स्लीप अ‍ॅप्निया आणि त्यांचं हृदय.

आधी पार्श्वभूमी

किडन्या निकामी झाल्या की रक्तातली घाण आणि जादा पाणी मशीनने काढावं लागतं. ठरलेली पद्धत म्हणजे आठवड्यातून तीनदा, दर वेळी साधारण चार तास. आपल्याकडे खर्च आणि प्रवासामुळे दोनदाच येणारेही बरेच असतात. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे आणि २०१६ मध्ये केंद्राचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला. त्यामुळे सुरगाणा, पेठसारख्या तालुक्यांतल्या माणसालाही हा उपचार निदान आवाक्यात आला.

पण मशीन मिळालं म्हणजे धोका टळला असं होत नाही. डायलिसिसच्या पेशंटमध्ये मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण हृदयविकार हे आहे, आणि त्यातही अचानक हृदय बंद पडण्याचं प्रमाण मोठं आहे. हे का होतं, याच्या शोधात संशोधक झोपेपर्यंत पोचले.

श्वास अडतो म्हणजे काय?

झोपेत श्वास दहा सेकंद किंवा जास्त वेळ थांबला तर त्याला अ‍ॅप्निया म्हणतात. पूर्ण न थांबता बराच कमी झाला आणि ऑक्सिजन घसरला तर तो हायपोप्निया. तासाला अशा किती घटना होतात तो आकडा म्हणजे एएचआय. ५ च्या खाली नॉर्मल, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र.

आपल्या राज्यातला एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. मुंबईच्या हिंदुजा हॉस्पिटलमध्ये डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी रुटीन तपासणीला आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या निरोगी पुरुषांचा अभ्यास केला. तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. एएचआय ५ किंवा जास्त असणाऱ्यांचं अंदाजे प्रमाण १९.५ टक्के निघालं. दिवसाची झोपाळू अवस्था सोबत असणारे ७.५ टक्के होते. डायलिसिसच्या पेशंटवरच्या अनेक अभ्यासांत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास जातं.

गंमत म्हणजे यातले बरेच पेशंट जाड नसतात. "घोरणारा म्हणजे लठ्ठ माणूस" हे चित्र इथे उपयोगाचं नाही. मग घसा बंद का पडतो?

पाण्याचा प्रवास

किडनी बंद असली की प्यायलेलं पाणी शरीरात साठतं. दिवसभर उभं-बसलेलं असताना ते पायांत उतरतं. रात्री आडवं झालं की त्यातलं काही वर सरकतं आणि मानेच्या ऊतींमध्ये साठतं. घशाची नळी बाहेरून दाबली जाते, झोपेत स्नायू ढिले पडले की ती मिटते. शिवाय किडनीच्या आजारात रक्त आम्लधर्मी होतं, त्यामुळे श्वासाचं नियंत्रण अस्थिर होतं. हे दुसरं कारण.

म्हणजे संशयित दोन: पाणी आणि रक्तातली घाण. आता हे दोन वेगळे कसे करायचे ते बघा, कारण संशोधनाची खरी मजा इथे आहे.

२००१ मध्ये टोरांटोच्या हॅन्ली आणि पिएराटोस यांनी १४ पेशंटना नेहमीच्या डायलिसिसवरून रोज रात्रभर चालणाऱ्या डायलिसिसवर आणलं. सरासरी एएचआय २५ वरून ८ वर आला. निकाल जोरदार, पण रात्रभराच्या डायलिसिसने पाणीही जास्त निघतं आणि घाणही. श्रेय कोणाला द्यायचं?

२०१५ मध्ये टोरांटोच्याच दुसऱ्या गटाने वेगळी रचना केली. एएचआय २० किंवा जास्त असलेल्या १५ पेशंटना त्यांनी डायलिसिस नसलेल्या दिवशी बोलावलं आणि रक्त शुद्ध न करता फक्त पाणी काढलं, सरासरी दोन लिटरच्या थोडं वर. त्या रात्री एएचआय ४३.८ वरून २८ वर आला, म्हणजे ३६ टक्के घट. घाण तशीच राहिली आणि श्वास सुधारला. पाण्याचा वाटा स्पष्ट झाला.

तरी परीक्षकाच्या नजरेने बघा. पेशंट फक्त १५, तुलनेला दुसरा गट नाही. आणि आधी जास्त आकडा आलेल्यांनाच घेतलं की पुढच्या मोजणीत तो आपोआपही थोडा खाली येतो. याला सरासरीकडे परतणं म्हणतात. एवढी मोठी घट केवळ त्याने होणं कठीण आहे, पण व्हायव्हात हा प्रश्न येणारच.

हृदयापर्यंत काय पोचतं?

घसा बंद असताना माणूस श्वास ओढायचा प्रयत्न करतो. छातीत ऋण दाब वाढतो आणि हृदयाला त्याच्याविरुद्ध रक्त ढकलावं लागतं. ऑक्सिजन घसरतो, मेंदू दचकून जागा होतो, बीपी एकदम चढतं. निरोगी माणसाचं बीपी रात्री साधारण १० ते २० टक्के उतरतं. इथे ती विश्रांतीच हृदयाला मिळत नाही. आधीच जाड झालेलं हृदय, त्यात वाढलेलं पोटॅशियम, म्हणजे ठोके बिघडायला जागा तयार.

२००५ च्या एका अमेरिकन अभ्यासात झोपेची तपासणी झालेल्या आणि नंतर हृदयामुळे अचानक मृत्यू आलेल्या ११२ जणांची नोंद तपासली गेली. मध्यरात्र ते सकाळी सहा या वेळेत अ‍ॅप्निया असलेल्यांपैकी ४६ टक्के, तर नसलेल्यांपैकी २१ टक्के दगावले होते. हे डायलिसिसचे पेशंट नव्हते, हे मात्र विसरू नका.

आता कन्फाउंडर

"अ‍ॅप्नियामुळे हृदय बिघडतं" असं लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. पण साठलेलं पाणी घसाही दाबतं आणि हृदयावरही थेट भार टाकतं. दोघांचं मूळ एकच असेल, तर अ‍ॅप्निया आणि हृदयविकार एकत्र दिसणारच, त्यांच्यात थेट नातं असो वा नसो. वर, कमजोर हृदय स्वतःही अ‍ॅप्निया निर्माण करतं. म्हणजे बाण उलटाही आहे.

म्हणून उपचाराच्या चाचण्या महत्त्वाच्या. २०१६ च्या सेव्ह चाचणीत हृदय किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या २,७१७ जणांना, भारतातल्या केंद्रांसह, घेतलं होतं. सीपॅप मशीनने झोपाळूपणा कमी झाला, पण हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे घटना कमी झाल्या नाहीत. मशीनचा सरासरी वापर रात्री ३.३ तासच होता. उपचार निकामी की वापर अपुरा, हा वाद तिथून चालूच आहे. डायलिसिसच्या पेशंटमध्ये तर पहिला प्रश्न असा पडतो: मशीन लावण्याआधी पाणी नीट काढलं का?

तुम्ही अभ्यास आखाल तेव्हा

पहिली गोष्ट, रात्र ठरवा. डायलिसिस झालेल्या रात्री मोजलेला एएचआय आणि लांब खंडानंतरच्या रात्रीचा एएचआय एकाच रकान्यात टाकू नका. २०११ मध्ये ३२,०६५ अमेरिकन पेशंटच्या अभ्यासात दोन दिवसांच्या खंडानंतरच्या दिवशी मृत्यूदर दर १०० व्यक्ती-वर्षांमागे २२.१ होता, इतर दिवशी १८. आपल्याकडे सोमवार-गुरुवार येणाऱ्याचा खंड तर त्याहून मोठा. वजन, ड्राय वेट आणि किती लिटर काढलं, हे नोंदवलंच पाहिजे.

दुसरी, प्रश्नावलीवर विसंबू नका. एपवर्थ स्केलमध्ये कार ट्रॅफिकमध्ये थांबली असताना डुलकी लागते का, असं विचारतात. एसटीने येणाऱ्या माणसाने काय सांगायचं? स्टॉप-बँगमध्ये थकवा आणि बीपीला गुण आहेत. डायलिसिसच्या बहुतेक पेशंटना ते फुकटात मिळतात.

तिसरी, संमती. खुर्चीला चार तास बांधलेला माणूस "नाही" म्हणायला कचरतो. नकार दिला तर आपला स्लॉट जाईल अशी भीती त्याला असते. म्हणून संमती डायलिसिस चालू असताना घेऊ नका. घरी जाऊन विचार करायला वेळ द्या. उपचार देणारी चाचणी असेल तर एथिक्स कमिटीची मान्यता आणि सीटीआरआय नोंदणी पहिला पेशंट घेण्याआधीच हवी.

शेवटी घरच्यांसाठी. शरीरात साधारण ८ ग्रॅम मीठ एक लिटर पाणी धरून ठेवतं. पापड, लोणचं, चिवडा, मिसळीचा रस्सा यांचा हिशेब इथे लागतो. मीठ कमी झालं की तहानही कमी होते. पेशंट झोपेत घोरता घोरता गप्प होतो आणि मग दचकून श्वास घेतो असं दिसलं, तर "डायलिसिसचा थकवा आहे" म्हणून सोडू नका. किडनीच्या डॉक्टरांना सांगा. ड्राय वेट मात्र त्यांनाच ठरवू द्या.

आणि तुमचा गृहपाठ: कागदावर पाणी, अ‍ॅप्निया आणि हृदय असे तीन गोल काढा, बाण जोडा आणि प्रत्येक बाणावर तो कोणत्या अभ्यासाने तपासला ते लिहा. जो बाण मोकळा राहील, तिथे तुमचा रिसर्च प्रॉब्लेम असू शकतो.