चलच्चित्राच्या संकलनांतील एक आंकडा



लग्नाचें किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनाचें चित्रण मोबाइलवर घ्यावें व घरच्याच संगणकावर तें जुळवावें, ही हौस आतां सातारा-सांगलीकडील पुष्कळ घरांत दिसते. संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्यें आरंभींच एक आंकडा ठरवावा लागतो : सेकंदास चित्रें, म्हणजे फ्रेम, किती? कित्येकांस वाटतें, आंकडा जितका मोठा तितकें चित्र उत्तम. वास्तविक हा आंकडा दर्जाचा नव्हे, काळाच्या मापाचा आहे. माप चुकलें म्हणजे लेझीम अडखळतें, आणि मंगलाष्टकें म्हणणाऱ्यांचे ओठ एकीकडे व सूर दुसरीकडे, असा प्रकार होतो.

पडद्यावर हालणारें असें कांहीं नसतेंच. स्थिर चित्रें इतक्या त्वरेनें एकामागून एक येतात, कीं मन त्यांचा सांधा आपोआप जुळवितें. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ सालीं आला. पुढें आपल्या शेजारच्या कोल्हापुरांत बाबूराव पेंटरांनीं कॅमेरा स्वतः घडविला व १९२० सालीं ‘सैरंध्री’ लोकांपुढें आणला. त्या काळीं कॅमेऱ्याची दांडी हातानें फिरवीत. एका फेऱ्यांत आठ चित्रें व सेकंदास दोन फेरे, म्हणजे सुमारें १६ चित्रें, हा ठोकताळा असे. प्रत्यक्षांत फिरविणाऱ्याच्या हाताप्रमाणें तो कमीजास्त होई. १९३१ सालीं ‘आलम आरा’ आला, आपल्याकडे बोलपट सुरू झाले, आणि ही मोकळीक संपली. गति बदलली कीं सूर चढतो किंवा उतरतो, आणि कान डोळ्यापेक्षां फार कडक परीक्षक आहे. बोलपटांसाठीं २४ चित्रें हें माप जगभर रूढ झालें तें यामुळें. जुन्या मूकपटांतील माणसें तुरुतुरु धांवतांना दिसतात, त्याचेंहि बहुधा हेंच कारण. १६ च्या गतीनें घेतलेला तासाभराचा पट २४ च्या गतीनें चालविला तर ४० मिनिटांत संपतो!

टेलिव्हिजनचें माप विजेवरून ठरलें. आपल्याकडील वीज सेकंदास ५० आवर्तनांची, म्हणून २५ चित्रें. अमेरिकेंत ६० आवर्तनें, म्हणून ३०. तेथें १९५३ सालीं रंगीत प्रक्षेपणाच्या सोयीसाठीं तें २९.९७ करण्यांत आलें. फरक क्षुल्लक वाटतो. परंतु एक माप दुसऱ्याच्या जागीं धरलें तर तासाभरांत ३.६ सेकंद चुकतात. मोबाइल बहुधा ३० वर लावलेले येतात. मंगल कार्यालयांतील कित्येक दिव्यांचा उजेड सेकंदास १०० वेळां कमीजास्त होत असतो. १०० ला २५ नें पूर्ण भाग जातो, ३० नें जात नाहीं. त्यामुळें चित्रावर काळसर पट्टे सरकूं लागतात. कॅमेरा २५ वर व शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर ठेवावें. मोबाइल २५ घेत नसेल, तर ३० वर शटर शंभराव्या भागाचें चालतें.

आतां संकलन. ‘दा विंची रिझॉल्व्ह’मध्यें हा आंकडा मुळांत २४ असतो, आणि चित्रण आंत घेऊन टाइमलाइन रचली कीं प्रकल्पाचा आंकडा बदलतां येत नाहीं. तेव्हां आधीं आपलें चित्रण कोणत्या मापाचें आहे तें पाहावें व तेंच येथें ठेवावें. सर्व चित्रण ३० चें असेल तर ३० च राहूं द्यावें. त्याचे २५ केले तर दर सहा चित्रांतून एक गळतें. वाईजवळ मेणवलीच्या घाटावरून कॅमेरा संथपणें फिरविला असेल, तर पायऱ्या धक्के खात जातात. ५० चे २५ करतांना हा त्रास नाहीं. एकाआड एक चित्र सुटतें.

येथें दोन निरनिराळ्या क्रियांची गल्लत होते. टाइमलाइनचा आंकडा बदलल्यानें चित्रें गळतात किंवा दुणावतात, प्रसंगाची लांबी तीच राहते. उलट ‘प्रीमियर’मध्यें ‘इंटरप्रिट फुटेज’ म्हणून जी सोय आहे, ती चित्रें तींच ठेवून काळ बदलते. ५० चें चित्रण २५ चें म्हणून वाचलें कीं गति निम्मी होते. घरांतील जुन्या आठ मिलिमीटरच्या फिती संगणकावर उतरविल्या असतील, तर ही दुसरी सोय अमोल आहे. जुन्या फितींचें माप बहुधा १६, ‘सुपर आठ’चें १८. प्रत्येक चित्र एकेकदांच उतरविलें आहे याची खात्री करून तेवढेंच माप सांगावें. नाहीं तर सावकाश, काठी टेकीत चालणारे आजोबा नातवंडांपुढें दुडदुडत येतात, आणि ज्यांनीं त्यांना कधीं पाहिलें नाहीं त्यांना ती चाल खरी वाटते.

मोबाइलची आणखी एक खोड आहे. उजेड मंदावला कीं कित्येक मोबाइल चित्रांमधील अंतर आपल्याच मतानें वाढवितात. संकलन करणारें सॉफ्टवेअर तें समान धरून चाललें, तर आवाज हळूहळू सुटत जातो. असें चित्रण आधीं ‘हँडब्रेक’सारख्या मोफत साधनांत घालून तेथें ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडावें. चित्रण घेतांना आरंभीं व शेवटीं एकेक टाळी वाजवून ठेवावी. संकलनानंतर दोन्ही टाळ्या हाताशीं जुळतात कीं नाहीं, तें पाहिलें म्हणजे झालें.