आजोबा कितवीपर्यंत शिकले होते?

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडच्या घरांत हा प्रश्न बहुधा जातपडताळणीच्या वेळी निघतो. अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या कागदाला मोठं वजन असतं, आणि जुन्या दाखल्यासाठी धावपळ सुरू होते. कोणीतरी सुचवतं, जनगणनेत लिहिलं असेलच की!

लिहिलं होतं, पण ते बघायला मिळत नाही. १९४८ च्या जनगणना कायद्याचं कलम १५ घरोघरची नोंद कोणालाही पाहू देत नाही. दिवाणी दाव्यात ती पुरावा म्हणूनही चालत नाही. अमेरिकेत ७२ वर्षांनी ही पानं खुली होतात. आजोबा कितवी शिकले हे तिथला नातू १९४० च्या नोंदीत वाचतो. आपल्याकडे अशी मुदतच नाही.

तरी जनगणना सोडू नका. जिल्हा जनगणना पुस्तिकेत गावातल्या साक्षरांचा आकडा मिळतो. १९५१ साठी पश्चिम खानदेश पाहा, पुढे धुळे. नंदुरबार जिल्हाच १ जुलै १९९८ ला झाला. साक्षर कोणाला म्हणायचं, हेही बदलत गेलं. १९११ साली मित्राला पत्र लिहिता येणं आणि त्याचं उत्तर वाचता येणं, ही कसोटी होती. २०११ लाही नंदुरबारची साक्षरता ६४.४ टक्के, राज्यात सर्वांत कमी. गावात साक्षर बोटांवर मोजण्याइतके असतील, तर आजोबांचं नाव शाळेत न सापडणं समजण्यासारखं आहे.

माणूस भेटतो तो शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये. नाव, जात, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याचं कारण, सगळं एका ओळीत. जन्मतारीख १ जून दिसली तर सावध व्हा. जूनमध्ये नाव घालताना गुरुजी अंदाजाने तीच तारीख लिहीत. आडनावाच्या जागी कधी नुसतं ‘भिल्ल’ असतं, म्हणून पाडवी, वळवी, वसावे एवढंच शोधू नका, पणजोबांचं नाव धरून ओळी वाचा. आणि ‘सतत गैरहजर’ हा शेरा म्हणजे पोराचा आळस, असं मी तरी मानत नाही. अख्खं घर गुजरातेत ऊसतोडीला गेलेलं असू शकतं.

शाळा बंद पडली असेल तर केंद्रशाळेत किंवा पंचायत समितीच्या शिक्षण विभागात चौकशी करा. जुन्या पानांच्या कडा हात लावताच तुटतात. नाव सापडलं की मुख्याध्यापकांकडून त्या पानाची साक्षांकित नक्कल त्याच दिवशी मागा.