रॅप गीतातील ‘मी’ : परिणाम, प्रतिबिंब आणि पुरावा

१

साहित्यकृती समाजाला घडवते की समाजाचे केवळ दर्शन घडवते, हा प्रश्न मराठी समीक्षेला नवा नाही. श्लील-अश्लीलतेच्या आणि बांधिलकीच्या वादांत तो पुनःपुन्हा उपस्थित झाला आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीय वस्त्यांतून निघालेल्या रॅप या गीतप्रकाराविषयी हाच प्रश्न १९८० च्या दशकापासून अत्यंत तीव्रतेने विचारला जात आहे. एका पक्षाचे म्हणणे असे, की हिंसा, अमली पदार्थांचा व्यापार आणि स्त्रीदेह यांविषयी बेदरकारपणे बोलणारी ही गीते आधीच खचलेल्या समाजाचे आणखी नुकसान करतात. दुसरा पक्ष म्हणतो, की ही गीते म्हणजे केवळ आरसा आहेत. चेहरा विद्रूप असेल तर दोष आरशाला देता येणार नाही.

वरवर पाहता या भूमिका परस्परविरोधी आहेत. परंतु त्या दोन्ही एकाच गृहीतकावर उभ्या आहेत, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. गीतातील ‘मी’ म्हणजे प्रत्यक्ष गीतकारच आणि त्याचे बोलणे म्हणजे घडलेल्या वा घडवावयाच्या कृत्याचे निवेदनच, हे ते गृहीतक होय. या गृहीतकाची किंमत केवळ समीक्षेला नव्हे, तर तुरुंगात गेलेल्या माणसांनाही मोजावी लागली आहे.

मराठीच्या अभ्यासकाने या वादाकडे का वळावे, याला कारण आहे. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव १९६६ साली ऑकलंड येथे स्थापन झालेल्या ब्लॅक पँथर पक्षावरून घेतले. म. ना. वानखेडे, जनार्दन वाघमारे आदींच्या लेखनामुळे त्या काळी निग्रो साहित्य म्हणून ओळखल्या जाणाऱ्या साहित्याचा मराठी वाचकाला परिचय झाला. हा तौलनिक विचार मुख्यतः लिखित साहित्याभोवती फिरत राहिला. पँथर चळवळ ओसरल्यानंतरच्या पिढीचा मौखिक आविष्कार मात्र त्याच्या कक्षेबाहेरच राहिला.

२

रॅप म्हणजे तालाच्या आवर्तनावर, बोलण्याच्या लयीत म्हटलेले यमकप्रधान काव्य. त्याचा आरंभ सामान्यतः ११ ऑगस्ट १९७३ या दिवशी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात झालेल्या एका मेजवानीपासून मानला जातो. जमेकात जन्मलेल्या कूल हर्क या तरुणाने तेथे ध्वनिमुद्रिकांतील केवळ तालवाद्यांचे तुकडे पुनःपुन्हा वाजवून नाचणाऱ्यांसाठी लांबवले. या तालावर बोलण्याची जी प्रथा पुढे रुजली, तिच्यातून रॅपचे काव्यरूप आकाराला आले.

त्या वेळच्या ब्राँक्सची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. रॉबर्ट मोझेस यांच्या योजनेनुसार १९४८ ते १९७२ या काळात बांधलेल्या क्रॉस ब्राँक्स महामार्गाने नांदत्या वस्त्या उभ्या चिरल्या होत्या. कारखाने शहराबाहेर जात होते. काही घरमालक विम्याच्या पैशासाठी स्वतःच्या इमारतींना आगी लावीत होते. ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह यांच्या १९८२ च्या ‘द मेसेज’ या गीताला या परिसराची पार्श्वभूमी आहे. पुढे १९८० च्या दशकाच्या मध्यास ‘क्रॅक’ हा कोकेनचा स्वस्त प्रकार गरीब वस्त्यांत पसरला. १९८६ च्या संघीय कायद्याने पाच ग्रॅम क्रॅकसाठी जी किमान पाच वर्षांची शिक्षा ठेवली, तीच भुकटीच्या रूपातील कोकेनसाठी पाचशे ग्रॅमला होती. शंभरास एक हे प्रमाण २०१० मध्ये अठरास एक असे करण्यात आले. हा कालक्रम पाहता वस्त्यांची मोडतोड आधी झाली आणि गीते नंतर आली, हे स्पष्ट होते.

तरीही नुकसानीचा आरोप करणारे सारेच समाजाबाहेरचे वा शत्रुभावाचे होते, असे समजणे अन्यायाचे ठरेल. नागरी हक्क चळवळीत काम केलेल्या सी. डेलोरेस टकर यांनी १९९३ पासून ‘गँगस्टा’ रॅपविरुद्ध मोहीम चालवली. भाषाशास्त्रज्ञ जॉन मॅकव्हॉर्टर यांनी २००३ मध्ये असे मांडले, की ही गीते कृष्णवर्णीय तरुणांच्या मनात उद्धटपणालाच अस्सलपणाचे मोल देतात आणि त्यांना मागे खेचतात. हे दोघेही कृष्णवर्णीय समाजातलेच. त्यांच्या आक्षेपामागे पुढच्या पिढीची काळजी आहे.

परंतु काळजी म्हणजे कारणमीमांसा नव्हे. गीतांमुळे हिंसा वाढते असे सरळ म्हणावयाचे, तर गीतांच्या प्रसाराबरोबर हिंसाही वाढावयास हवी होती. अमेरिकेत दर लाख लोकसंख्येमागे खुनांचे प्रमाण १९९१ मध्ये ९.८ होते, २००० मध्ये ते ५.५ पर्यंत उतरले. नेमक्या याच दशकात रॅप वस्तीतून निघून देशातील अग्रगण्य लोकप्रिय संगीतप्रकारांत जाऊन बसले. एवढ्यावरून गीतांचा मनावर काहीच परिणाम होत नाही असे सिद्ध होत नाही. मात्र गीत हे कारण आणि गुन्हा हे कार्य, अशी सरळ साखळी जोडता येत नाही, इतके निश्चित होते.

३

आता आरशाची उपपत्ती तपासू. १९८८ साली एन.डब्ल्यू.ए. या लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टन येथील गटाची ‘स्ट्रेट आउटा कॉम्प्टन’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्यातील पोलिसविरोधी गीताबद्दल संघीय गुन्हे अन्वेषण विभागाच्या एका अधिकाऱ्याने १९८९ मध्ये वितरक कंपनीला नापसंतीचे पत्र पाठवले. आपण केवळ वस्तीतील वास्तव सांगतो, असा बचाव गटाने केला. १९९१ मध्ये पोलिसांनी रॉडनी किंग यांना केलेल्या मारहाणीचे चित्रण जगाने पाहिले. १९९२ मध्ये आरोपी पोलीस सुटले आणि लॉस एंजेलिस पेटले, तेव्हा या बचावाला विलक्षण बळ मिळाले.

तरीही आरसा ही उपमा दोन ठिकाणी अपुरी पडते. पहिली बाब निवडीची. आरसा समोरचे सारे दाखवतो. बाजार विकेल तेवढेच दाखवतो. मे १९९१ पासून ‘बिलबोर्ड’ नियतकालिकाने लोकप्रियतेची यादी दुकानांतील प्रत्यक्ष विक्रीच्या यांत्रिक नोंदीवरून करण्यास आरंभ केला आणि पुढच्याच महिन्यात एन.डब्ल्यू.ए.ची दुसरी ध्वनिमुद्रिका यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. वस्तीबाहेरचा मोठा ग्राहक कंपन्यांना आता स्पष्ट दिसू लागला. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने एकाच मालकाने देशभरात किती नभोवाणी केंद्रे बाळगावीत यावरील मर्यादा उठवली. अशा एकवटलेल्या मालकीमुळे व्यापारी रॅपचे विषय आक्रसत गेले, असे या क्षेत्राच्या अभ्यासक ट्रिशिया रोझ यांनी ‘द हिप हॉप वॉर्स’ या २००८ च्या ग्रंथात मांडले आहे. प्रतिबिंब म्हणून जे दिसते त्यात चेहऱ्याइतकाच चौकट धरणाऱ्याचाही हात असतो.

दुसरी बाब अधिक मूलभूत आणि साहित्यविचाराची आहे. रॅपमधील आक्रमक, आत्मप्रौढी मिरवणारा ‘मी’ हा कॉम्प्टनच्या रस्त्यावर प्रथमच जन्मलेला नाही. १८९५ च्या नाताळात सेंट लुइस शहरातील एका मद्यगृहात ली शेल्टन नावाच्या इसमाने बिली लायन्स यास गोळी घातली. या घटनेवरून ‘स्टॅगर ली’चे पोवाडेवजा गीत तयार झाले आणि तोंडोतोंडी फिरता फिरता कोणालाही न जुमानणाऱ्या दांडगेश्वराची एक ठरीव प्रतिमा त्यातून घडली. मिसिसिपी जॉन हर्ट यांनी १९२८ मध्ये ते ध्वनिमुद्रित केले. ते गाणाऱ्यांपैकी कोणी खुनी आहे असे श्रोत्यांना कधी वाटले नाही. यमकांतून एकमेकांची उणीदुणी काढण्याचा ‘डझन्स’ हा शब्दखेळही याच मौखिक परंपरेचा भाग. हेन्री लुइस गेट्स यांनी ‘द सिग्निफाइंग मंकी’ या १९८८ च्या ग्रंथात या वक्रोक्तिप्रधान, अतिशयोक्त, दुहेरी अर्थाने बोलण्याच्या परंपरेचे शास्त्र मांडले आहे.

एकच उदाहरण पुरेसे व्हावे. ‘बॉइज-एन-द-हूड’ हे १९८७ चे गीत ईझी-ई याने प्रथमपुरुषात म्हटले आणि ते त्याचे आत्मकथन वाटावे इतके त्याच्याशी एकरूप झाले. शब्द मात्र आइस क्यूबचे. हा गीतकार याच सुमारास फीनिक्स येथील एका संस्थेत वास्तुरेखाटनाचा अभ्यासक्रम शिकत होता. म्हणजे येथे लिहिणारा एक, म्हणणारा दुसरा, आणि गीतातील ‘मी’ या दोहोंहून वेगळा. ही रचलेली भूमिका आहे. ती वास्तवाला स्पर्श करते, पण वास्तवाचा जबाब नव्हे.

४

समीक्षेतला हा भेद न्यायालयात पोचतो तेव्हा त्याचे गांभीर्य कळते. अमेरिकेत अनेक फौजदारी खटल्यांत आरोपीने लिहिलेली रॅप गीते त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वाचली गेली आहेत. एरिक नील्सन आणि अँड्रिया डेनिस यांनी ‘रॅप ऑन ट्रायल’ या २०१९ च्या पुस्तकात या प्रथेचा विस्ताराने परामर्श घेतला आहे. न्यू जर्सीतील खुनाच्या प्रयत्नाच्या एका खटल्यात ज्यूरीपुढे आरोपीच्या गीतांची तेरा पाने वाचण्यात आली. त्यांतील काही रचना घटनेच्या कितीतरी आधीच्या होत्या. आरोपीला तीस वर्षांची शिक्षा झाली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हा पुरावा अग्राह्य ठरवला. बॉब मार्ली यांनी खरोखरच शेरीफला गोळी घातली किंवा एडगर ॲलन पो यांनी खरोखरच जमिनीखाली प्रेत पुरले असे कोणी मानत नाही, या आशयाचा दाखला न्यायालयाने दिला. न्यायासनावरून झालेली ही साहित्यसमीक्षाच म्हणावयास हवी.

हा भेद रॅपच्याच बाबतीत का विसरला जातो, याचे उत्तर एका प्रयोगात सापडते. मानसशास्त्रज्ञ कॅरी फ्राइड यांनी १९९६ मध्ये एका जुन्या लोकगीतशैलीतील गाण्याचे शब्द काही जणांना रॅप म्हणून, तर काहींना कंट्री संगीत म्हणून वाचावयास दिले. शब्द तेच, पण रॅप म्हणून वाचणाऱ्यांना ते अधिक धोकादायक वाटले. २०१६ मध्ये इतर संशोधकांनी केलेल्या पडताळणीतही हाच कल दिसला. कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये कायदा करून कलाकृती पुरावा म्हणून स्वीकारण्यापूर्वी तिच्यामुळे होणाऱ्या पूर्वग्रहाचा विचार करणे न्यायाधीशांवर बंधनकारक केले.

येथे आरशाच्या उपपत्तीतील अंतर्विरोध उघड होतो. गीत म्हणजे वास्तवाचे जसेच्या तसे प्रतिबिंब, असे मित्र म्हणतो; मग ते साक्ष म्हणून का वाचू नये, असे सरकारी वकील विचारतो. ज्या युक्तिवादाने गीताचा बचाव होतो, त्याच युक्तिवादाने गीतकार दोषी ठरू शकतो.

५

मग ही केवळ रचलेली भूमिका आहे, असे म्हटले की गीतकार सर्व दायित्वातून सुटतो काय? तसे मुळीच नाही. टू लाइव्ह क्रू या गटाची ध्वनिमुद्रिका १९९० मध्ये फ्लोरिडातील संघीय न्यायाधीशाने अश्लील ठरवली. हा निर्णय १९९२ मध्ये अपिलात रद्द झाला. दरम्यान गटाच्या सदस्यांवरील फौजदारी खटल्यात गेट्स यांनी मौखिक परंपरेचा आधार घेऊन साक्ष दिली आणि सदस्य निर्दोष सुटले. त्यानंतर विधिज्ञ किंबर्ली क्रेनशॉ यांनी १९९१ च्या एका निबंधात या दोन्ही बाजूंना प्रश्न विचारला. कृष्णवर्णीय कलावंतांवरच खटला भरणे ही वर्णद्वेषी निवड होती, हे त्यांनी मान्य केले. मात्र परंपरेचे नाव घेऊन केलेला बचाव त्या गीतांतील कृष्णवर्णीय स्त्रीच्या अवहेलनेवर पांघरूण घालतो, हेही त्यांनी तितक्याच ठामपणे नोंदवले. परंपरा अर्थ समजावून देते. ती निर्दोषत्वाचे प्रमाणपत्र देत नाही.

याचा प्रत्यय २००४ मध्ये अटलांटा येथील स्पेलमन या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या महाविद्यालयात आला. नेली या गायकाच्या एका चित्रफितीतील स्त्रीदेहाच्या चित्रणावर विद्यार्थिनींनी त्याच्याकडून उत्तर मागितले. त्या मागणीनंतर त्याच्या प्रतिष्ठानाने तेथील अस्थिमज्जादात्यांच्या नोंदणीचा नियोजित कार्यक्रमच रद्द केला. या विद्यार्थिनींनी बंदीची मागणी केली नव्हती, संवादाची केली होती. त्यापूर्वी १९९३ मध्ये क्वीन लतीफा यांनी ‘युनिटी’ या गीतातून स्त्रियांना दिल्या जाणाऱ्या शिव्यांना रॅपच्याच भाषेत उत्तर दिले होते. गीताला गीताने आणि समीक्षेने दिलेले असे उत्तर त्याला काव्य म्हणून गंभीरपणे घेते. खटला आणि सरसकट बचाव या दोहोंत ते गांभीर्य नसते.

६

सारांश, रॅप हानी करते की प्रतिबिंब दाखवते, या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावे लागतात. गीतातील ‘मी’ कोणत्या संकेतांनी घडला आहे? अनेक आवाजांतून हाच आवाज कोणी निवडला? आणि या ‘मी’च्या बोलण्याचा भार समाजातील कोणावर पडतो? पहिला प्रश्न गीतकाराला आरोपीच्या पिंजऱ्यातून वाचवतो, दुसरा बाजाराला उत्तरदायी करतो आणि तिसरा गीतकारालाही मोकळे सोडत नाही. केंड्रिक लमार यांच्या ‘डॅम’ या ध्वनिमुद्रिकेला २०१८ मध्ये संगीताचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. शास्त्रीय आणि जॅझ यांच्या बाहेरच्या संगीताला ते प्रथमच लाभत होते. कलाकृती म्हणून या परंपरेला मान्यता मिळाल्याची ती खूण होय. पण अशा मान्यतेने वरील प्रश्न संपत नाहीत.

मराठीतील दलित साहित्याच्या वाचनालाही हे लागू आहे. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ (१९७२) किंवा दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) यांना जिवंत दस्तऐवज म्हणून गौरवताना आपण नकळत त्यांतील रचनेकडे, भाषेच्या घडणीकडे आणि ‘मी’च्या निर्मितीकडे पाठ फिरवतो. कविता आणि आत्मकथन यांत ‘मी’चे स्थान एकच नसते, हे खरे, पण दोन्हींत तो घडवलेला असतो. दस्तऐवज हे विशेषण सन्मानाचे वाटते, परंतु त्यामुळे लेखकाला लेखक म्हणून भेटणे टळते. शोषित समाजातून आलेल्या शब्दाला साक्षीच्या पिंजऱ्यात उभे न करता साहित्याच्या निकषांवर पारखणे, हा त्या शब्दाचा अधिकार आहे आणि वर्गात तो राखण्याची जबाबदारी अध्यापकावर येते.