सूचना चुकली, तर जबाबदार कोण?



नवा मिक्सर घरी आला की आपण खोका उघडतो, मिक्सर लावून बघतो आणि माहितीपुस्तिका ड्रॉवरमध्ये टाकतो. खरं ना? पण कायद्याच्या दृष्टीने ती पुस्तिका नुसता कागद नाही.

आपल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये 'उत्पादन दायित्व' हे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातल्या कलम ८४ नुसार, वस्तू नीट कशी वापरावी याच्या पुरेशा सूचना नसतील किंवा चुकीच्या वापराबद्दल इशारा नसेल आणि त्यामुळे इजा झाली, तर उत्पादकाला भरपाई द्यावी लागू शकते. यंत्रात काही बिघाड नसला तरीही! मात्र धोका उघड किंवा सर्वांना माहीत असलेला असेल, तर इशारा दिला नाही म्हणून उत्पादक जबाबदार ठरत नाही (कलम ८७).

मग पुस्तिका लिहिणाऱ्याचं काय? हे प्रकरण उत्पादक, सेवा देणारा आणि विक्रेता यांच्याबद्दल बोलतं. नोकरीत लिहिलेल्या मजकुराचा दावा सहसा कंपनीवरच येतो. पण चूक लेखनातलीच असते.

आता एक उदाहरण बघा. १९६४ मध्ये अमेरिकेत लास व्हेगासजवळ उतरताना बोनान्झा एअरलाइन्सचं विमान कोसळलं. आतले सर्व २९ जण गेले. पुढे विमा कंपनीने वैमानिकांसाठी नकाशे छापणाऱ्या जेपसन कंपनीवर दावा केला. नकाशात दोन आकृत्या होत्या. वरून दिसणाऱ्या आकृतीत १५ मैलांचं अंतर होतं, बाजूने दिसणाऱ्या आकृतीत फक्त ३ मैलांचं. पण बघताना दोन्हींचं प्रमाण सारखंच वाटायचं. छापलेले आकडे बरोबर होते, मांडणी मात्र फसवी होती. तो नकाशा म्हणजे सदोष उत्पादनच, हा निष्कर्ष १९८१ मध्ये अपील न्यायालयानेही मान्य केला.

भूगोलाच्या तासाला 'प्रमाण' शिकवताना ही गोष्ट जरूर सांगा.

आणि भाषेच्या तासाला हा उपक्रम घ्या. 'कंपासने वर्तुळ काढणे' याच्या सूचना मुलांना लिहायला सांगा. शेजारच्या मुलाने लिहिलंय तेवढंच करायचं, मनाचं काही नाही. तो जिथे अडेल किंवा चुकेल, तिथे "तुला कळलं नाही" असं म्हणायचं नाही. लिहिणाऱ्याने आपलं वाक्य बदलायचं.