सिस्टरच्या हातातली पिशवी

शहापूर तालुक्यातल्या शेणव्याहून ट्रान्सप्लांटसाठी खारघर गाठायचं तर आधी शहापूर, मग आसनगावची लोकल आणि ठाण्याला गाडी बदलून पनवेलची. पेशंटला 'बोनमॅरो ट्रान्सप्लांट' सांगितलं की घरच्यांच्या डोळ्यांपुढे ऑपरेशन थिएटर उभं राहतं. प्रत्यक्षात रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी रक्तासारख्याच शिरेतून चढवतात, आणि बहुतेक वेळा त्या चढवते सिस्टर.

आपल्याकडे याची सुरुवात मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये झाली. 1983 साली डॉ. सुरेश अडवाणी यांनी नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची अस्थिमज्जा दिली. हे तंत्र ते अमेरिकेत सिएटलला डॉ. डोनॉल थॉमस यांच्याकडे शिकले होते. थॉमसना 1990 मध्ये नोबेल मिळालं. टाटाचं हे काम पुढे खारघरच्या 'ॲक्ट्रेक' या टाटाच्याच केंद्रात वाढलं. डॉक्टरांची नावं इतिहासात राहिली, ती योग्यच. पण पेशंटच्या उशाशी पिशवी लावणाऱ्या हातांबद्दल आपण फार कमी बोलतो.

पेशंटच्याच पेशी परत द्यायच्या असतील तर त्या द्रव नायट्रोजनच्या थंडीत गोठवून ठेवतात. गोठताना पेशी फुटू नयेत म्हणून डीएमएसओ हे रसायन घालतात. पिशवी 37 अंशांच्या पाण्यात वितळली की हेच रसायन पेशींना बाधू लागतं, म्हणून पुढे उशीर चालत नाही. शहाणी सिस्टर सगळी तयारी आधी करते. सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेली नळी, मोकळी वाहते का, ॲलर्जीविरोधी औषध दिलं का, ऑक्सिजन हाताशी आहे का, हे पाहते. मग दोन सिस्टर मिळून नाव, केसपेपर नंबर, रक्तगट आणि पिशवीचा नंबर मोठ्याने वाचून पेशंटच्या मनगटावरच्या पट्टीशी ताडतात. या नळीतून पेशींबरोबर सलाइनखेरीज दुसरं काही जात नाही. रक्त देताना लावतात तो पांढऱ्या पेशी अडवणारा फिल्टर इथे लावला, तर मूळपेशीच अडकतील. पिशवी रिकामी दिसली तरी सलाइनने विसळून उरलेल्या पेशीही देतात. घसा खवखवला, छाती भरून आली, बीपी घसरलं, तर वेग कमी करून डॉक्टरांना बोलावतात. श्वासाला लसणासारखा वास येतो, लघवी लालसर होऊ शकते. हे नातेवाइकांना आधीच सांगितलं की निम्मी भीती जाते.

यातलं बरंच काही अनुभवी सिस्टरच्या डोक्यात असतं, आणि नेमकी तिची ड्यूटी नसते तेव्हा घोळ होतो. म्हणून सुधारणा इथेच हवी: कागदावर उतरवलेली यादी, साध्या सलाइनच्या पिशवीवर नव्यांचा सराव, प्रत्येक ट्रान्सप्लांटनंतर चर्चा. ऑपरेशनसाठी जागतिक आरोग्य संघटनेने अशीच यादी केली. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यूंचं प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आलं, असं 2009 च्या अभ्यासात दिसलं.

पेशंट घरी परतल्यावर त्याची काळजी गावच्या नर्सबाईंकडे येते. ट्रान्सप्लांटच्या पेशंटचा ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला की गोळी देऊन सकाळची वाट बघायची नसते, लगेच ट्रान्सप्लांट केंद्राला फोन करायचा असतो. रक्त लागलं तर ते किरण लावलेलंच हवं. मूळपेशींच्या पिशवीला मात्र किरण कधीच लावत नाहीत. इतका नाजूक फरक तोंडी निरोपावर सोडता येत नाही. डिस्चार्जच्या वेळी मराठीत छापलेलं एक कार्ड आणि आरोग्य केंद्राला एक फोन, याला खर्च नगण्य आहे. ट्रान्सप्लांटवर लाखो रुपये खर्च होतात. त्यातला थोडा वाटा सिस्टरच्या प्रशिक्षणावर खर्च झालाच पाहिजे, खारघरलाही आणि शहापूरलाही.