थांबलेली मोटारसायकल आणि मागून येणारा धोका

मोटारसायकल ही आज ग्रामीण जीवनाची गरज झाली आहे. शिक्षक शाळेला जातात, तलाठी सजातील गावे फिरतात, शेतकरी दूध संकलन केंद्र गाठतो, ते बहुधा दुचाकीवरूनच. वाहन वेगात असेपर्यंत चालक सावध असतो. परंतु चौकातील सिग्नलपाशी, रेल्वे फाटकापाशी अथवा बाजारच्या दिवशी कोंडीत वाहन थांबले, की धोका टळला अशी त्याची समजूत होते. वस्तुतः याच वेळी मागून येणाऱ्या वाहनाचा धोका संभवतो.

ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. पुढील वाहन थांबले आहे हे ध्यानात येऊन ब्रेक दाबला जाईपर्यंत निदान एक सेकंद जातोच. तेवढे अंतर वेग कमी न होताच सरते. मोटारगाडीला मागून धडक बसली तर तिचा सांगाडा बराचसा आघात झेलतो; मोटारसायकलस्वाराच्या पाठीशी असे कवच नसते. पुढे मालमोटार उभी असल्यास तो दोहोंमध्ये चिरडला जाण्याची भीती असते.

म्हणून काही दक्षता घेणे अगत्याचे आहे. पुढील वाहनाची मागील चाके जमिनीला टेकलेली दिसतील इतके अंतर राखून, शक्यतो त्याच्या थेट मागे न थांबता थोडे एका बाजूस थांबावे. म्हणजे प्रसंगी निसटण्यास वाट राहते. गाडी पहिल्या गियरमध्ये ठेवून क्लच दाबून धरावा, डावा पाय जमिनीवर व उजवा ब्रेकवर असावा. ब्रेक दाबलेला असला तरच मागचा लाल दिवा ठळकपणे उजळतो व मागच्या चालकाला इशारा मिळतो. नजर आरशात ठेवावी आणि मागे एखादे वाहन येऊन थांबल्यावरच गाडी न्यूट्रल करावी. उजवीकडे वळण्यासाठी थांबताना पुढचे चाक सरळ ठेवावे. ते आधीच वळवलेले असल्यास मागून धक्का बसताच गाडी समोरून येणाऱ्या वाहनांपुढे ढकलली जाते. मालमोटार वा एस. टी. बसच्या अगदी पुढे किंवा डाव्या अंगाला चिकटून उभे राहू नये. उंचावर बसलेल्या चालकाला तेथील दुचाकी दिसत नाही.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२९ अन्वये चालकाप्रमाणेच मागे बसणाऱ्यानेही शिरस्त्राण वापरणे बंधनकारक आहे. मागून धडक बसल्यास पहिला आघात बहुधा मागे बसलेल्या पत्नीवर वा मुलावर होतो. फाटकापाशी उकाड्यामुळे शिरस्त्राण काढून हाती धरणारे अनेक दिसतात. ही सवय सोडली पाहिजे.

या दक्षतेला पैसा लागत नाही. शिक्षकांनी वर्गात आणि पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत ही माहिती सांगितली, तसेच स्वतःच्या आचरणातून दाखवून दिली, तर ती घरोघरी पोहोचेल. वाहन थांबले तरी चालकाचे कर्तव्य थांबत नाही, हे प्रत्येकाने ध्यानी ठेवावे.