वर्गातलं इंग्रजी (भाग ६) : बृंदावन एक्स्प्रेसचा तास

चेन्नईचा खरा पाऊस ऑक्टोबरात सुरू होतो. आपल्याकडे छत्र्या माळ्यावर जातात, तेव्हा इथल्या बाहेर निघतात. अशाच एका पावसाळी दुपारी मी आठवीच्या वर्गात फळ्यावर पाच स्थानकं लिहिली : चेन्नई सेंट्रल, अरक्कोणम, काटपाडी, जोलारपेट्टै, बंगळूर. प्रत्येकासमोर बृंदावन एक्स्प्रेस पोचण्याची आणि सुटण्याची वेळ. गाडी खरी, वेळा मात्र हिशेबाला सोप्या पडाव्यात म्हणून मी बसवलेल्या.

सुरुवातीचे प्रश्न अगदी साधे. अरक्कोणमहून गाडी किती वाजता सुटते? काटपाडी ते जोलारपेट्टै किती वेळ लागतो? ४२ मुलींपैकी पुढच्या दोन बाकांवरचे नेहमीचे हात वर झाले. मग मी विचारलं, वेल्लूरच्या एका डॉक्टरांना बंगळुरात सकाळी अकराला एक बैठक आहे. त्यांनी ही गाडी पकडावी का? वेल्लूरची माणसं काटपाडीला गाडी धरतात हे मी सांगितलं नव्हतं. ते मुलींना ठाऊक होतं, मला मात्र चेन्नईला आल्यावर बऱ्याच दिवसांनी कळलं होतं.

शेवटच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. दोन महिन्यांत तिच्या तोंडून मी ‘येस मिस’ आणि ‘नो मिस’ एवढंच ऐकलं होतं. ती म्हणाली, ‘‘नो मिस. ट्रेन रीच वन थर्टी. डॉक्टर गो यस्टरडे नाइट.’’

व्याकरणाच्या चष्म्यातून पाहिलं तर या उत्तरात तीन चुका आहेत. पण त्यात वेळापत्रक वाचणं आहे, दोन वेळांची तुलना आहे, निष्कर्ष आहे आणि न विचारलेला सल्लाही आहे. मी एवढंच म्हटलं, ‘‘येस. इट रीचेस ॲट वन थर्टी. सो द डॉक्टर मस्ट गो द नाइट बिफोर.’’ आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. फळ्यावर चूक लिहिली नाही, तिच्याकडून वाक्य घोकून घेतलं नाही. चार दिवसांनी दुसऱ्याच एका कोड्याच्या वेळी तिनेच मला विचारलं, ‘‘मिस, नाइट बिफोर ऑर सेम मॉर्निंग?’’ ‘काल रात्री’ आणि ‘आदल्या रात्री’ यांतला फरक तिला मी शिकवला नव्हता. त्या डॉक्टरांना वेळेवर पोचवायचं होतं, म्हणून तो तिनेच उचलला होता.

हा तास माझ्या कल्पनेतून आलेला नाही. त्याचं मूळ याच शहरात आहे, आणि आजचा भाग त्या मुळाबद्दल आहे.

मद्रास राज्य हे इंग्रजीच्या रचनाधिष्ठित अभ्यासक्रमाचं आपल्या देशातलं एक आद्य केंद्र. रचनाधिष्ठित म्हणजे वाक्यांचे साचे सोप्याकडून कठीणाकडे एका ओळीत मांडायचे आणि एकेक साचा पक्का झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. शिक्षक दाराकडे चालतो आणि चालता चालता म्हणतो, ‘आय ॲम वॉकिंग टु द डोअर.’ मग सगळा वर्ग तेच म्हणतो. आपल्यातल्या कित्येकांचं शाळेतलं इंग्रजी असंच सुरू झालं. ही पद्धत राज्यभर न्यायची म्हणून १९५०च्या दशकाच्या अखेरीस तिथे एक प्रचंड मोहीम निघाली. इंग्रजीची सुरुवात करून देणाऱ्या २७,००० शिक्षकांना नव्याने तयार करायचं होतं. आधी थोड्या निवडक शिक्षकांना प्रशिक्षण, मग त्यांनी आपापल्या जिल्ह्यात इतरांना, त्या इतरांनी आणखी पुढच्यांना. शिक्षणाच्या जगात ही मोहीम ‘मद्रास स्नोबॉल’, म्हणजे मद्रासचा बर्फाचा गोळा, म्हणून ओळखली जाते.

२७,००० हा आकडा वाचला की मला त्यामागच्या माणसांबद्दल आदर वाटतो. तरी अशा साखळीतली एक अडचण मी स्वतः शिबिरांत अनुभवली आहे. पहिल्या माणसाकडे पद्धतीमागचं ‘का’ असतं, चौथ्यापर्यंत फक्त ‘काय’ पोचतं. साच्यांची यादी शाबूत राहते, आणि दाराकडे चालत का जायचं हे वाटेत गळून पडतं.

पुढच्या पिढीत एन. एस. प्रभू यांनी प्रश्न मुळाशी नेला. ते ब्रिटिश कौन्सिलमध्ये होते आणि मद्रासहून काम करत. त्यांना दिसलं ते असं : साचे पक्के झालेली मुलं वर्गात अचूक वाक्यं बोलतात, पण वर्गाबाहेर गरज पडली की तीच वाक्यं त्यांच्या कामी येत नाहीत. यावरून त्यांनी एक अंदाज बांधला. भाषेचं रूप सर्वांत चांगलं मनात उतरतं, ते मन अर्थात गुंतलेलं असताना. म्हणजे व्याकरण नकोच असं नाही, ते मुलाच्या आत आपोआप घडू द्यायचं, आणि त्यासाठी मुलाच्या डोक्याला दुसरं काही काम द्यायचं. १९७९ ते १९८४ या काळात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी बंगळूर, मद्रास आणि दक्षिणेतल्या इतर काही गावांतल्या साध्या शाळांत हे करून पाहिलं. जगात हा प्रयोग बंगळूर प्रकल्प या नावाने गाजला आणि प्रभूंचं त्यावरचं पुस्तक १९८७ साली ऑक्सफर्डने छापलं. मद्रासचं नाव मात्र मागे राहिलं, म्हणून ते इथे आवर्जून लिहिते.

प्रभूंनी कामांचे तीन प्रकार केले आणि प्रत्येकात एक दरी असते असं म्हटलं. माहितीची दरी : माझ्याकडे नकाशाचा अर्धा भाग, तुझ्याकडे उरलेला, दोघांनी बोलून पुरा करायचा. तर्काची दरी : दिलेल्या माहितीतून न दिलेलं काढायचं, जसं आमच्या डॉक्टरांचं. मताची दरी : गोष्टीचा शेवट कसा व्हावा, कोणाचं चुकलं, यावर आपलं म्हणणं मांडायचं. त्यांना सर्वांत भावली ती तर्काची दरी. माहिती सांगताना एका शब्दात भागतं, मत मांडायला मुलं बिचकतात. कोड्याला मात्र उत्तर असतं, आणि ते बरोबर आहे की नाही हे मुलाला स्वतःलाच ताडून पाहता येतं. माझा अनुभवही तोच सांगतो. लाजाळू मूल मत विचारलं की मान खाली घालतं, हिशेब विचारला की मान वर करतं.

तासाची रीतही ठरलेली होती. आधी एक नमुन्याचं कोडं शिक्षक सगळ्या वर्गाबरोबर मोठ्याने सोडवतो. इंग्रजी कानावर पडतं ते याच वेळी. मग तशाच घडणीचं दुसरं कोडं प्रत्येक मूल एकट्याने सोडवतं. शेवटी उत्तर तपासायचं, भाषा नाही. कोडं किती कठीण असावं यासाठी एक सुंदर माप होतं : निम्म्या वर्गाला निम्मं काम जमलं, तर काठिण्य योग्य. सगळ्यांना सगळं जमलं तर त्यात विचार करायला काही नव्हतं, असं समजायचं. मी हे माप दर शुक्रवारी लावते. आमच्या शाळांत सगळा वर्ग एका सुरात बरोबर उत्तर देतो तेव्हा तास चांगला झाला असं मानतात. ही समजूत मोडायला मला स्वतःला बरीच वर्षं लागली.

प्रयोगाची बाहेरच्या अभ्यासकांकडून तपासणीही झाली. ॲलन बेरेट्टा आणि ॲलन डेव्हिस यांनी १९८५ साली तिचे निष्कर्ष मांडले. नेहमीच्या वर्गांतली मुलं साच्यांच्या परीक्षेत सरस ठरली आणि प्रकल्पातली मुलं कामांच्या परीक्षेत, हे अपेक्षितच होतं. दोन्हींच्या मधल्या, कोणाच्याच सवयीच्या नसलेल्या चाचण्यांत एकंदरीने प्रकल्पाकडचं पारडं जड राहिलं. निकाल डोळे दिपवणारा नाही, पण व्याकरण न शिकवता मुलांचं व्याकरण बुडालं नाही, एवढं मला पुरेसं वाटतं.

एका मुद्द्यावर मी प्रभूंपासून वेगळी होते. त्यांनी गटकाम टाळलं. मुलं एकमेकांशी बोलताना एकमेकांच्या चुकाच पक्क्या करतील, ही त्यांची धास्ती होती. ती खोटी नाही. पण ४० मिनिटांच्या तासात ४२ मुली असतील तर प्रत्येकीच्या वाट्याला एक मिनिटही येत नाही. मग शेवटच्या बाकावरचं तोंड उघडायचं कधी?

इथे मला याच शहरातला दुसरा, फार जुना प्रयोग आठवतो. १७८९ ते १७९६ या काळात अँड्र्यू बेल नावाचे स्कॉटिश पाद्री एगमोरच्या मुलांच्या अनाथाश्रमाचे प्रमुख होते. तिथली मुलं म्हणजे युरोपियन सैनिकांची मद्रासेत जन्मलेली मुलं. बेल यांनी एका गावठी शाळेत मुलांना बोटाने वाळूत अक्षरं गिरवताना पाहिलं. आपल्याकडची धूळपाटी तीच. आश्रमातले पगारी शिक्षक हे करायला तयार होईनात, तेव्हा त्यांनी जॉन फ्रिस्किन नावाच्या आठएक वर्षांच्या मुलाकडे अक्षरओळखीचा वर्ग सोपवला, आणि तो त्याने चालवून दाखवला. मुलांनी मुलांना शिकवण्याची ही ‘मद्रास पद्धत’ १७९७ साली लंडनमध्ये पुस्तकरूपाने छापली गेली आणि इंग्लंडभर पसरली. स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूज गावी बेल यांच्या पैशातून उभी राहिलेली शाळा अजून ‘मद्रास कॉलेज’ हे नाव लावते. ओसरीवरच्या आपल्या शाळांचं हे ऋण आपल्या पाठ्यपुस्तकांत यायला हवं.

मी दोघांचं थोडंथोडं घेतलं आहे. कोडं आधी एकटीने सोडवायचं, वहीत उत्तर लिहायचं. मग शेजारणीचं उत्तर वेगळं असेल तर तिला पटवायचं. उत्तरं सारखी असतील तर बोलायची सक्ती नाही. वाद असेल तिथे भाषा आपसूक येते. मध्ये तमिळ आलं तरी मी थांबवत नाही, शेवटचं उत्तर तेवढं इंग्रजीत हवं.

मुलींच्या तमिळमुळेच मला माझा सर्वांत लाडका तास सापडला. इथल्या सरकारी शाळांचं धोरण १९६८ पासून दोन भाषांचं आहे, तमिळ आणि इंग्रजी. त्यामुळे माझी हिंदी इथे उपयोगाची नव्हती आणि तमिळ मोडकं होतं. एकदा मुली मधल्या सुट्टीत म्हणाल्या, ‘‘मिस, वी आर गोइंग टु द बीच ऑन संडे.’’ मला कळेना की हे सांगणं आहे की बोलावणं. मी तसं विचारलं, तेव्हा एकीने चटकन सांगितलं, ‘‘नांगळ, मिस, नॉट नाम.’’ आणि माझ्या डोक्यात दिवा लागला. तमिळमध्ये ऐकणाऱ्याला वगळून ‘नांगळ’ आणि त्याला धरून ‘नाम’. म्हणजे आपलं ‘आम्ही’ आणि ‘आपण’, नेमकं तेच! इंग्रजीकडे दोन्हींसाठी एकच ‘वी’.

त्यावरून मी सहा छोटे संवाद लिहिले. प्रत्येकात कोणीतरी फोनवर ‘वी’ म्हणतं. मुलींनी ठरवायचं : ऐकणारा त्यात आहे की नाही, आणि कशावरून? ‘वी आर ईटिंग ॲट सेव्हन, सो डोन्ट बी लेट’ म्हटलं तर तो आहे. ‘वी आर ईटिंग, आय विल कॉल यू लेटर’ म्हटलं तर नाही. पुरावा पुढच्या शब्दांत शोधावा लागतो, आणि तो शोधताना वाक्य तीनतीनदा वाचलं जातं. तीनदा वाचा असं सांगून मी ते कधीच साधू शकले नव्हते. हा तास मराठी वर्गात जसाच्या तसा चालेल. किंबहुना ज्या भाषांत ‘वी’साठी असे दोन शब्द आहेत त्यांच्याच वर्गात तो चालेल, आणि त्यांत आपली आहे.

महाराष्ट्रातल्या माझ्या शिक्षक वाचकांना एक विनंती. या आठवड्यात आपल्या गावच्या एसटी स्थानकावर जा आणि फळ्यावरच्या चार गाड्यांच्या वेळा वहीत उतरवून आणा. कोणाला तरी कुठेतरी वेळेवर पोचायचं आहे, असं एक कोडं त्यावर रचा. एक नमुन्याचं कोडं सगळ्यांसमोर सोडवा, दुसरं मुलांवर सोपवा, आणि तास संपल्यावर निम्म्या मुलांना निम्मं जमलं का ते मोजा. पुढच्या भागात ‘येतो म्हणून म्हणाला’ या आपल्या वाक्याकडे वळू. तमिळमध्येही हे वाक्य असंच घडतं, आणि दोन्हीकडची मुलं इंग्रजीत नेमकी इथेच अडतात.